थंडीनं कल्हईची भुकटी होत नाही

गेल्या डिसेंबरात सकाळी शाळेत निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा काटा लागलेला. काट्यापाशी पितळेची भांडी : दोन गंज आणि एक कोपर. एका गंजाच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, शेजारच्या मावशींच्या सासऱ्यांचं, आणि पुढे साल, १९६१. मी थांबून विचारलं, तर मावशींनी मोबाइलच पुढे केला. ‘‘हे वाचा जी सर. थंडीत कल्हईची भुकटी होते म्हणते. लेकराईच्या पोटात जावाले नको. देऊन टाकतो भंगारात.’’

तो संदेश तोवर पंचक्रोशीतल्या प्रत्येक ग्रुपवर पोचला होता. यंदा गारठा पडताच पुन्हा फिरू लागलाय, म्हणून हे लिहितोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : कल्हईसाठी वापरतात ते कथील (इंग्रजीत टिन) १३ अंशांच्या खाली गेलं की दुसराच धातू बनतं, त्याची करडी भुकटी होते. विदर्भात हिवाळ्यात रात्री पारा त्याच्या खाली जातो, म्हणून कल्हईच्या भांड्यातलं अन्न या दिवसांत विष. हा ‘कथिलाचा रोग’ एका भांड्यावरून दुसऱ्याला लागतो. नेपोलियनची फौज रशियात याच रोगानं संपली. आपल्या पूर्वजांनी वंगाचे, म्हणजे कथिलाचे, दोन प्रकार सांगून हे आधीच लिहून ठेवलं होतं. टिनाच्या छपरांनाही धोका आहे. तेव्हा तांब्या-पितळेची भांडी घरातून काढा. सोबत एक फोटो : चकचकीत धातूचा तुकडा आणि शेजारी त्याचाच झालेला करडा चुरा.

फोटो खोटा नाही. कथिलाला दोन रूपं आहेत हेही खरं. या एवढ्याशा खऱ्याच्या आधारावर बाकीचा डोलारा उभा केलाय. म्हणून आधी ते खरं काय आहे ते सांगतो.

आपण बघतो ते पांढरं कथील. चांदीसारखं चमकतं, नखानं दाबलं तर किंचित दबेल इतकं मऊ, आणि २३२ अंशांना वितळतं. त्यातले अणू दाटीनं बसलेले असतात. तापमान १३.२ अंशांच्या खाली गेलं की याच अणूंना दुसरी मांडणी जास्त सोयीची होते. तिच्यात प्रत्येक अणू चारच शेजाऱ्यांना धरून बसतो, हिऱ्यात कार्बनचे अणू बसतात तसा. मधे मोकळी जागा राहते. हे करडं कथील. पांढऱ्याची घनता ७.३, करड्याची ५.८ च्या आसपास. म्हणजे १०० घनसेंटिमीटर पांढरं कथील करडं झालं तर त्याला साधारण १२७ घनसेंटिमीटर जागा हवी. घरातली माणसं तेवढीच आणि अंथरुणं सव्वापट, अशी गत. एवढं फुगणं धातूला सोसत नाही. आधी पृष्ठभागावर फोड येतात, मग तडे जातात आणि शेवटी चुरा होतो.

पण ‘दुसरा धातू’? कथील कथीलच राहतं. त्याचा अणुक्रमांक ५० होता, ५०च राहतो. बदलते ती अणूंची बसण्याची रीत. ही गोष्ट आपल्या गावांत रोज घडते, फक्त कथिलाऐवजी लोखंडात. लोहाराच्या भात्यापुढे विळ्याचं पातं लालभडक होतं, तेव्हा आतल्या लोखंडाची मांडणी बदललेली असते. शुद्ध लोखंडात हा बदल ९१२ अंशांना होतो. थंड लोखंडात कार्बन जवळजवळ मावतच नाही, शेकडा ०.०२ भाग कसाबसा. तापलेल्या रूपात तो शेकडा २ भागांपर्यंत मावतो. लोहार पातं झटकन पाण्यात घालतो तेव्हा लोखंडाला जुन्या मांडणीत परतायचं असतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, आणि त्या ताणानं पातं टणक होतं. पातं पाणी प्यालं असं आपण म्हणतो ते हेच. तुरी कापताना धार टिकते ती या रूपबदलामुळे. त्याला कोणी दुसरा धातू म्हणत नाही की त्या विळ्यानं चिरलेल्या भाजीला विष म्हणत नाही.

आता थंडीचं बघू, कारण मावशींना भीती वाटली ती याच मुद्द्यानं.

१३.२ हा आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलाय. पाणी शून्याला गोठतं तसं कथील १३.२ ला करडं होत नाही. या तापमानाला दोन्ही रूपं तुल्यबळ असतात, एवढंच. त्याच्या थोडं खाली गेलं की करड्याकडे झुकाव सुरू होतो, तोही अगदी नाममात्र. धानाच्या बांधीत पाणी बघा. बांधी जवळजवळ सपाट असेल तर पाण्याला वाट असूनही ते हलत नाही. १० अंशांवर कथिलाची हीच स्थिती असते. उतार वाढवायचा तर आणखी गारठा हवा. पण गारठा वाढला की अणूंची हालचालही मंदावते. या दोन गोष्टींची ओढाताण होऊन बदल सगळ्यात वेगानं होतो तो उणे ३० ते उणे ४० अंशांच्या सुमारास. आणि तिथेही सुरुवात व्हायला कुठेतरी करड्या रूपाचा पहिला कण तयार व्हावा लागतो. त्यासाठी महिने जातात, कधी वर्षं.

नागपुरात नोंदलेलं नीचांकी तापमान ३.५ अंश आहे, डिसेंबर २०१८ मधलं. ती रात्र आमच्याकडच्या लोकांना अजून आठवते. शेकोट्या विझू दिल्या नव्हत्या कोणी. त्या रात्रीसुद्धा कथिलाचं काही बिघडण्याजोगं नव्हतं. एरवी पहाटे १०-१२ आणि दुपारी २७-२८ अंश, असा आपला हिवाळा. त्यातही कल्हईचं भांडं रोज चुलीवर चढतं. १३.२ च्या वर करडं कथील पुन्हा पांढऱ्याकडे वळतं, आणि उकळतं वरण १०० अंशांचं असतं. रात्री एखादा कण बदललाच असं धरून चाललो, तरी सकाळच्या चहापर्यंत त्याची गोष्ट संपलेली असेल. (भुकटी झालेलं कथील नुसतं गरम करून पुन्हा सलग होत नाही, त्याला वितळवावं लागतं, हे खरं. पण भुकटी व्हायची वेळ तर यायला हवी.)

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी कथिलात अर्धा टक्का तांबं मिसळलेले नमुने उणे १८ अंशांवर ठेवले होते. त्यांचा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षानंतर त्या नमुन्यांवर करडे फोड मोठ्या प्रमाणावर आलेले होते. दीड वर्ष, सलग, उणे १८! असा हिवाळा आपल्याकडे एक रात्रही पडत नाही. मी स्वतः जानेवारीत कल्हईच्या कथिलाचा बोटभर तुकडा डबीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. अकरा महिने झाले. परवा काढून मुलांना दाखवला, तसाच पांढरा आहे. लोडशेडिंगमुळे माझ्या फ्रीजरचं तापमान वरखाली होत राहतं, त्यामुळे हा पुरावा म्हणून मांडत नाही. पण डोळ्यांनी बघितलेलं मुलं विसरत नाहीत.

मग फोटोतला चुरा कुठला? तसे नमुने अतिशुद्ध कथील दीर्घकाळ कडक थंडीत ठेवून आणि बहुधा करड्या कथिलाचा कण त्यावर मुद्दाम घासून तयार करतात. इतिहासातही हे घडलंय, पण कुठे? १८५१ मध्ये जर्मनीतल्या त्साइट्स इथल्या चर्चमधल्या ऑर्गनच्या कथिली नळ्यांवर हे फोड पहिल्यांदा नीट नोंदले गेले, एर्डमान या रसायनशास्त्रज्ञाकडून. १८६० च्या दशकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या गोदामातल्या कथिलाच्या लाद्या अशाच ढासळल्या, तेही उणे ३० च्या खालच्या हिवाळ्यात. ही दोन्ही ठिकाणं आणि आपला वैनगंगेचा काठ यांची थंडी एका मापानं मोजायची नाही.

‘रोग लागतो’ या दाव्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. करड्या कथिलाचा कण पांढऱ्याला टेकला तर त्या कणाच्या आधारानं मांडणी बदलत पुढे सरकते. दुधाला विरजण लागतं तसं. डच रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट कोहेन यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीपासून याचा बारकाईनं अभ्यास केला, आणि युरोपात याला ‘कथिलाची प्लेग’ हे नाव पडलं. पण विरजणालाही ऊब लागते, तशी या बदलाला थंडी लागते, आणि १३.२ च्या वर तो पुढे सरकतच नाही. शिवाय हा ‘संसर्ग’ कथिलातून कथिलात. माणसाला, अन्नाला, तांब्याला, पितळेला तो होत नाही. मांडणीवर भांड्याला भांडं टेकून ठेवलं म्हणून काही होत नाही.

आणि समजा करडं कथील पोटात गेलं, तर? तेवढंच होईल जेवढं पांढरं गेल्यानं होतं. कथील अन्नातून शरीरात फार कमी शोषलं जातं, बरंचसं तसंच बाहेर पडतं. डबाबंद अन्नाच्या बऱ्याच डब्यांना आतून कथिलाचाच मुलामा असतो, आणि अशा अन्नात किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत कथील चालेल असं आंतरराष्ट्रीय अन्नमानक, म्हणजे कोडेक्स, सांगतं. त्याहून जास्त झालं तर पोट बिघडतं, मळमळ होते. विषारी असतात ती कथिलाची काही सेंद्रिय संयुगं. जहाजांच्या रंगात ती वापरत, आणि समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचं त्यांनी इतकं नुकसान केलं की २००८ पासून जगभर त्यांच्यावर बंदी आहे. संदेश लिहिणाऱ्यानं बहुधा कुठेतरी ‘कथील विषारी’ असं वाचलं आणि जहाजाचा रंग आपल्या वरणाच्या गंजात कालवला.

नेपोलियनवर फार वेळ घालवत नाही. १८१२ च्या जूनमध्ये चार लाखांहून मोठी फौज घेऊन तो रशियात शिरला आणि सप्टेंबरात मॉस्कोला पोचला तेव्हा सोबत लाखभर माणसं उरली होती. म्हणजे कडाक्याची थंडी पडण्याआधीच फौज उपासमार, टायफस, लढाया आणि पळापळीनं खंगली होती. कथिली बटणांची भुकटी होऊन सैनिकांचे कोट उघडे पडले ही नंतर रंगवलेली कहाणी. लिथुआनियातल्या व्हिल्नियस शहरात २००१ मध्ये त्या सैनिकांची सामुदायिक कबर सापडली. तिथे बटणंही मिळाली, आणि त्यांवरच्या क्रमांकांवरून कोण कुठल्या पलटणीचं ते ओळखता आलं.

पूर्वजांच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण तो मनाला पटकन भावतो. मलाही भावला होता. रसरत्नसमुच्चय या जुन्या रसशास्त्राच्या ग्रंथात वंगाचे दोन प्रकार सांगितलेत, खुरक आणि मिश्रक, हे अगदी खरं. खुरक पांढरं, मऊ, लवकर वितळणारं. मिश्रक काळसर पांढरं. ‘काळसर’ हा शब्द वाचून कोणाला करडं कथील आठवलं असेल. पण मिश्रक या शब्दातच उत्तर आहे : मिसळलेलं. खुरक म्हणजे शुद्ध कथील आणि मिश्रक म्हणजे दुसऱ्या धातूंची भेसळ असलेलं, औषधाला न घेण्याजोगं. तो कारागिराच्या आणि वैद्याच्या नजरेनं केलेला शुद्धतेचा भेद आहे, थंडीतल्या रूपबदलाचा नाही. आणि माझ्या मते तो भेद आज आपल्या जास्त कामाचा आहे. पुढे सांगतो का ते.

टिनाच्या छपराचं एका वाक्यात : आपण टिना म्हणतो ते पत्रे लोखंडाचे असतात, वर जस्ताचा मुलामा, कथिलाचा त्यात संबंधच नाही. तेलाच्या पिप्याला मात्र खरोखर कथिलाचा पातळ थर असतो, आणि तो पिपा अंगणात कितीही हिवाळे पडून राहू द्या, गंजेल, भुकटी होणार नाही.

मग मावशींच्या गंजात ते करडे डाग कसले होते? कारण डाग होते. त्यांनी दाखवले. मी गंज उन्हात धरून बघितला. तळाशी तळहाताएवढा भाग काळपट, मधे पितळेचा पिवळा रंग डोकावत होता, आणि काठाशी हिरवट कळंक. बोटानं घासलं तर पूड निघेना. ही झिजलेली कल्हई. कल्हईचा थर कागदाहूनही पातळ असतो, राखेनं घासून घासून तो जातो. रिकामा गंज चुलीवर राहिला तर तळ सहज २३२ अंशांच्या वर जातो, तिथली कल्हई वितळून गोळा होते आणि खालचं पितळ उघडं पडतं. फोडणी करपली की हेच.

धोका इथे आहे. उघड्या पितळेवर आंबट पडलं की तांबं अन्नात उतरतं. आपल्याकडे अंबाडीची भाजी होते, चिंचेचं सार होतं, ताकाची कढी होते. आजीच्या भाषेत भाजी ‘कळकली’, म्हणजे तिला उग्र, तोंड कसनुसं करणारी चव आली. अशा भाजीनं ओकाऱ्या होतात, पोटात कळा येतात. आजीला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कळकलेली कढी ती वाढत नसे आणि दुसऱ्याच दिवशी कल्हईवाल्याला निरोप जाई. भांडं भंगारात काढणं हा यावरचा उपाय नाही, कल्हई पुन्हा करणं हा आहे.

पण कशानं? खुरकानं की मिश्रकानं?

आमच्याकडे वर्षातून दोनदा एक कल्हईवाले चाचा येतात. मावशींचा किस्सा त्यांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग थैलीतून कथिलाची कांडी काढली, माझ्या कानाजवळ आणली आणि वाकवली. चर्र असा आवाज आला, कोरड्या तुरीच्या काडीसारखा. ‘‘बोलते ना, सर? बोलते ती खरी.’’ हा आवाजही स्फटिकांचाच आहे. पांढऱ्या कथिलाचे स्फटिक वाकताना एकदम आरशातल्या प्रतिमेसारखे उलटून बसतात, आणि ते कानाला ऐकू येतं. शिशाची कांडी मुकी वाकते. शिसं कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते, आणि हातात घेतलं की जडपणा कळतो; त्याची घनता ११.३.

शिशाचं एवढं का सांगतो? कथील शिशाच्या कितीतरी पट महाग आहे, आणि म्हणून कल्हईच्या कथिलात शिसं मिसळण्याचा मोह होतो. शिसं मिसळलेली कल्हईही चकाकते, उलट लवकर पसरते, कारण डाग द्यायला (सोल्डरिंगला) वापरतात ते कथील-शिसं १८३ अंशांलाच वितळतं. दिसायला फरक कळत नाही. आणि हे मला सगळ्यात जास्त टोचतं : कथिलाची भुकटी होऊ न देणाऱ्या पदार्थांत शिसंही आहे. थोडं शिसं, अँटिमनी किंवा बिस्मथ कथिलात असलं की करडं रूप फार अवघडीनं येतं. या संदेशाला घाबरून कोणी ‘थंडीत न बिघडणारी कल्हई’ मागू लागलं, तर त्याच्या हाती पडेल ते शिसं. ते मुलांच्या मेंदूला इजा करतं, हाडांत साठून राहतं, आणि त्याची कुठलीच मात्रा निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जो धोका आपल्याकडे नाही त्याला भिऊन खऱ्या धोक्याला आपणच घरात घ्यायचं, असं होऊ नये म्हणून माझा एवढा आटापिटा.

कांडी वाकवून बघणं आणि कागदावर रेघ ओढणं यांनी ढोबळ भेसळ कळते, थोडी कळत नाही. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. म्हणून ओळखीचा कल्हईवाला, आणि कथील आपल्यासमोर कांडीतून लावून घेणं, एवढं तरी कराच. डागाच्या तारेचं भेंडोळं घेऊन आलेल्या माणसाकडून खाण्याच्या भांड्याला कल्हई करून घेऊ नका. कल्हईच्या भांड्याला तारेची घासणी लावू नका, आणि रिकामं भांडं जाळावर ठेवू नका.

काम कसं होतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांनी एकदा मुलांना घेऊन बघावं. भांडं निखाऱ्यांवर तापतं. नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो, नाकात झोंबतो. नवसागरातून सुटणारं आम्ल पितळेवरचा मळ आणि ऑक्साइड खाऊन टाकतं. लगेच कांडी टेकते, आणि कापसाच्या बोळ्याचा एक फेर. काळपट गंज आतून उजळत जातो. त्या क्षणी कथील पितळेतल्या तांब्याशी जोडलं जाऊन मधे एक पातळ थर बनवतं, त्यामुळे कल्हई नुसती चिकटलेली नसते, रुजलेली असते.

मावशींनी गंज काट्यावरून उचलून घरात नेले. कोपर मात्र त्यांचं नव्हतं, ते आदल्या दिवशीच तिसऱ्या गल्लीतून कोणीतरी भंगारात दिलं होतं, ते परत गेलं नाही. चाचा येत्या रविवारी येणार आहेत. मारुतीच्या देवळामागे भट्टी लागेल. आमच्या गल्लीतून आतापर्यंत अकरा गंज, चार कोपरं आणि लग्नकार्याचं एक मोठं बगुणं एवढी भांडी लिहून झालीत. १९६१ सालचा गंज यादीत पहिला आहे.